फाईलमधली मीराबाई

ठाकूर डॉक्टर निवृत्त झाले ही बातमी जनकाबाईला बोल्डा स्टेशनच्या नळावर कळली. सांगणारी बेबीबाई. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता, तो वारल्यावर तिला पेन्शन लागली होती. दर महिन्याला हिंगोलीच्या रेल्वे दवाखान्यातून गुडघ्याच्या गोळ्या आणायला ती जायची, आणि येताना दवाखान्यातल्या बातम्याही घेऊन यायची.

"नवी डॉक्टरीण आली," बेबीबाई म्हणाली. "तरणीच हाय, पन लई कडक. समद्या पेन्शनवाल्यांनी कार्ड घिऊन यावं, दोन-दोन फोटो आनावं, म्हणून कागूद लावलाय भिताडाला."

"फोटो काहून?"

"नव्या कार्डावर चिटकवाया. बाई तीच हाय का दुसरी, ते बघाया नको?" असं म्हणून बेबीबाई हसली.

जनकाबाईला हसू आलं नाही. तिनं अर्धी भरलेली घागर तशीच उचलली आणि घरची वाट धरली. घरी आल्यावर तिनं ट्रंकेतून ते जुनं कार्ड काढलं. तिला वाचता येत नव्हतं, पण त्यावर काय लिहिलंय ते तिला पाठ होतं. कोंडीबा पाईकराव, निवृत्त गँगमन. त्याखाली, मीराबाई, पत्नी, आणि जन्माचं साल. त्या सालानं मीराबाईचं वय आता एकसष्ट होतं.

जनकाबाईचं वय चौपन्न होतं. आणि मीराबाई ही तिची थोरली बहीण होती. तिला जाऊन तेहतीस वर्षं झाली होती.

हे कसं झालं ते सांगायला मागे जावं लागेल. दोघी बहिणी सिद्धेश्वरजवळच्या एका वस्तीतल्या. मीरा सात वर्षांनी मोठी. ती कोंडीबाला दिली तेव्हा कोंडीबा नुकताच गँगमध्ये लागला होता, आणि रेल्वेचा जावई म्हणून बापाची मान ताठ झाली होती. पण मीराच्या छातीत दुखणं होतं. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता, त्यानं काळजाची झडप खराब केली असं रेल्वेच्या डॉक्टरांनी सांगितलं. दर एकवीस दिवसांनी तिला इंजेक्शन घ्यावं लागे. पाच वर्षं ती घेत होती. त्यातच प्रमोद झाला, आणि पोरगं दीड वर्षाचं असताना, बहात्तरच्या दुष्काळातल्या हिवाळ्यात, मीरा गँगच्या क्वार्टरमध्येच गेली.

लेकराला सांभाळायला म्हणून जनका आली. पोरगं तिच्या कडेवरून उतरेना. वर्षभरानं दोन्हीकडच्या चार माणसांनी ठरवलं, गावातल्या विहारात बुद्धवंदना झाली, कोंडीबानं तिला हार घातला. लग्न रीतसर झालं, कुणापासून काही लपवलेलं नव्हतं. लपलं ते फक्त रेल्वेच्या कागदात. कोंडीबाच्या पासावर बायकोचं नाव मीराबाई होतं, ते तसंच राहिलं. पहिल्यांदा दवाखान्यात गेल्यावर तिथला माणूस ओरडला, "मीराबाई कोंडीबा!" तेव्हा कोंडीबानं तिच्या पाठीला हलकंसं ढोसलं आणि ती उठून आत गेली. त्या दिवसापासून दवाखान्यात ती मीराबाई झाली.

पुढं कोंडीबा निवृत्त झाला. जाताना एका महिन्याचा पगार एकरकमी भरला की नवराबायकोला जन्मभर रेल्वेचं औषधपाणी, अशी योजना होती. कोंडीबानं ते भरले आणि त्या कार्डावरही जुनंच नाव उतरलं.

ठाकूर डॉक्टर होते तोवर काळजी नव्हती. सतरा वर्षं एकाच खुर्चीत बसलेला माणूस. वर मान न करता विचारायचे, "काय बोल्डावाली, चक्कर येते का?" ती म्हणायची, "येते जरा." ते बीपीच्या गोळ्या लिहायचे. नावाची त्यांना गरज नव्हती, फाईलची त्याहून नव्हती. पहिल्याच भेटीत तिनं त्यांना एक गोष्ट सांगून ठेवली होती. "साहेब, मला पेनशिलीनची सुई चालत न्हाई." ते "बरं" म्हणाले, आणि सतरा वर्षांत त्यांनी तिला कसलीच सुई टोचली नाही.

तो एक शब्द जनकाबाईनं जन्मभर जपला होता. सिद्धेश्वर धरणाचं काम चालू होतं तेव्हा ती चौदाची होती, मातीची पाटी वाहायची. पायात काटा मोडून पू झाला म्हणून कामावरच्या दवाखान्यात तिला इंजेक्शन दिलं. सुई निघाली आणि ओठ सुजले, जीभ जड झाली, घसा आवळला. डोळ्यांपुढं काळं यायच्या आधी तिला दिसला तो बापाचा आ वासलेला चेहरा. तिथल्या डॉक्टरनं धावपळ करून वाचवली. मग तिला शुद्ध आल्यावर तिच्याकडून तो शब्द दहा वेळा म्हणवून घेतला. "पेनिसिलिन. विसरलीस तर मरशील, पोरी."

नळावर बातमी कळली त्या दिवशी कोंडीबा रानातून आला तेव्हा जनकाबाईनं कार्ड त्याच्यापुढं टाकलं.

"आवं, आता काय करावं? फोटो मागून राहिले."

कोंडीबा पासष्टीचा झाला होता. चाळीस वर्षं रूळ ठोकलेला माणूस, पण ऑफिसातल्या कागदापुढं त्याचा जीव उंदराएवढा व्हायचा.

"काय करावं म्हंजे? तुझा फोटो द्यायचा," तो म्हणाला. "मीराचा फोटो हायच कुठं कुणापाशी?"

"आन इचारलं तर?"

"कोण इचारतंय? गप ऱ्हा तू. तोंड उघडलंस तर माझी पेन्शन जाईल. म्हणतील, मेलेल्या बाईच्या नावावर तीस वर्षं पास खाल्ले, औषधं खाल्ली. या वयात हातकडी पडंल मला, कळलं का?"

तिला कळलं. त्यानंतर तिला जेवण गोड लागेना.

हिंगोलीला गेले त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर वीसेक माणसं होती. नवीन डॉक्टरीण सपना जोंधळे, नांदेडकडची, तिशीची असेल. तिच्या टेबलावर नवी कोरी रजिस्टरं होती आणि ती प्रत्येकाला पंधरा-पंधरा मिनिटं आत ठेवत होती. ठाकूर डॉक्टर तेवढ्या वेळात दहा माणसं काढायचे. बाकावरचे म्हातारे कुरकुरत होते. जनकाबाईला मात्र वाटत होतं, हा वेळ आणखी लांबला तर बरं.

"मीराबाई कोंडीबा!"

ती उठली. कोंडीबा मागोमाग आला.

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं, हेच तिला सहन झालं नाही. इतक्या वर्षांत त्या खुर्चीतून कुणी तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

"बसा मावशी. वय एकसष्ट ना? लहान दिसता." बाई हसून म्हणाल्या.

जनकाबाईच्या कानात गरम हवा भरल्यासारखं झालं.

"कष्टाचं शरीर हाय बाई तिचं," मागून कोंडीबा म्हणाला.

"मामा, त्यांना बोलू द्या. मावशी, मुलं किती?"

"एक. पोरगा."

"बाळंतपण कुठं झालं?"

प्रमोदचं बाळंतपण कुठं झालं ते तिला ठाऊक होतं, पण ते तिचं नव्हतं. तिच्या स्वतःच्या पोटी लेकरू राहिलंच नाही. "घरीच," ती म्हणाली.

"आधी काही मोठं दुखणं? छातीचं, सांध्यांचं?"

"न्हाई."

बाईंनी दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिलं, भुवया उंचावल्या, पुन्हा पाहिलं. "एकशे नव्वद. गोळ्या चुकवता का?"

"न्हाई बाई. भ्या वाटून राहिलं जरा."

"मला घाबरू नका हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी तुम्हा सगळ्यांच्या जुन्या फायली मोठ्या दवाखान्यातून मागवल्यात. कुणाला पूर्वी काय झालं होतं ते मला कळायला हवं. पंधरा दिवसांनी या, तोपर्यंत तुमची फाईल आलेली असेल."

परतीच्या गाडीत दोघं समोरासमोर बसले होते. जनकाबाई हळूच म्हणाली, "फाईलीत मीराअक्काचं समदं आसंल." कोंडीबा खिडकीबाहेर बघत राहिला.

पंधरा दिवसांनी ती गेली नाही. महिन्यानंही गेली नाही. बीपीच्या गोळ्या संपल्या. बेबीबाईनं निरोप आणला, "डॉक्टरीणबाई इचारून राहिल्या, बोल्ड्याच्या मीराबाई काहून येत न्हाईत? फाईल आलीय म्हणल्या. लवकर पाठवा म्हणल्या." जनकाबाईच्या डोक्यात तेच दोन शब्द राहिले. लवकर पाठवा. म्हणजे सापडलंच असणार. दारात कुणी सायकल उभी केली तरी तिला वाटे, पोलीस. पोस्टमन दिसला की ती मागच्या दारानं गोठ्यात जाऊन उभी राही. झोपेत तिला मीरा दिसायची, काही न बोलता दवाखान्याच्या बाकावर बसलेली, आणि आतून नाव पुकारलं की दोघी एकदम उठायच्या.

श्रावणात सोयाबीन खुरपताना खुरपं पायाच्या बोटाला लागलं. साधी जखम, हळद भरली, फडकं बांधलं. चौथ्या दिवशी पाऊल सुजलं. सहाव्या दिवशी लाली घोट्याच्या वर चढली आणि ताप भरला. गावातल्या डॉक्टरच्या गोळ्यांनी उतार पडला नाही. तरी ती म्हणत होती, "हिंगोलीला नगं." नवव्या दिवशी तिला उठून उभं राहता येईना. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. आता कोंडीबाच्या तोंडचं पाणी पळालं.

"चल," तो म्हणाला. "काय व्हईल ते व्हईल. पन तू फाईलीबद्दल काय बोलू नको. त्या जे म्हणतील त्याला व्हय म्हण. मीरा म्हणून बसली का तुझं दुखणं बघतील, नाव थोडंच बघतील?"

सकाळच्या गाडीत त्यानं तिला बाकड्यावर आडवं घातलं. ती तापात होती, तरी तिची एक गोष्ट पक्की होती, व्हय म्हणायचं.

दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर आणि नर्सबाईंनी तिला धरून आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"इतके दिवस कुठं होतात? अहो, हे वर चढत चाललंय." त्यांनी तिचं बीपी पाहिलं, छातीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग टेबलावरची एक पिवळी पडलेली, दोऱ्यानं बांधलेली फाईल उघडली.

"मावशी, तुम्ही मला म्हणालात आधी दुखणं नव्हतं. इथं तर लिहिलंय, तुमच्या हृदयाची झडप खराब होती. पाच वर्षं दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन चालू होतं. बहात्तरला अचानक बंद. त्यानंतर तीस वर्षं कुणी काही केलंच नाही?"

जनकाबाईनं कोंडीबाकडे पाहिलं. तो दाराशी उभा होता, टोपी हातात चुरगाळत. त्यानं होकाराची मान हलवली.

"व्हय," ती म्हणाली.

"तुमच्या छातीत मला आता आवाज काही ऐकू येत नाही. पण झडप आधीच अधू असेल आणि पायातलं हे विष रक्तातून तिथं गेलं, तर फार वाईट. मला वेळ घालवायचा नाही." त्या नर्सबाईंकडे वळल्या. "पेनिसिलिन काढा. आधी टेस्ट डोस. पाच वर्षं घेतलंय, अडचण येणार नाही, तरी टेस्ट करू."

तापानं जड झालेल्या डोक्यात तो शब्द घण पडावा तसा पडला.

"बाई," जनकाबाई म्हणाली, "मला पेनशिलीन चालत न्हाई."

"चालत नाही? कधी त्रास झाला?"

"ल्हानपणी. चौदा वर्साची होते. गळा बंद झाला व्हता."

डॉक्टरीणबाईंनी फाईलचं पान उलटलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कोडं होतं. "मावशी, चौदाव्या वर्षी असं झालं असतं तर पुढं पाच वर्षं तुम्ही हेच इंजेक्शन कसं घेतलं? सत्तर-ऐंशी सुया झाल्या असतील. प्रत्येकीपुढं सही आहे. दुसऱ्या कशाचा त्रास झाला असेल तो. सुईची भीती सगळ्यांनाच वाटते."

पलीकडच्या टेबलावर नर्सबाईंनी बाटलीचं झाकण काढलं. जनकाबाईला ते ऐकू आलं. एका बाजूला हातकडी, पेन्शन, आयुष्यभर रुळावर राबलेला नवरा. दुसऱ्या बाजूला घसा आवळला जातो तेव्हा कसं वाटतं, ते फक्त तिलाच माहीत होतं. ओठांना आत्ताच मुंग्या येत होत्या. नर्सबाई कापूस घेऊन जवळ आल्या आणि त्यांनी तिचा हात उलथा केला.

जनकाबाईनं हात ओढून छातीशी धरला.

"ती मी नव्हते," ती म्हणाली.

"काय?"

"त्या सुया घेतल्या ती मी नव्हते बाई. ती माझी बहीण. मीरा. मेली ती. मी जनका."

कोंडीबा मटकन दाराच्या उंबऱ्यावर बसला.

डॉक्टरीणबाई नर्सबाईंना म्हणाल्या, "ती सुई टाकून द्या. लगेच." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्या उठून आल्या, जनकाबाईच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टेस्ट डोसनंसुद्धा माणूस जातो, मावशी. तुम्ही बोलला नसतात तर..."

दुसऱ्या जातीचं औषध लावलं, सलाईन चढवलं. पायातला पू काढला, त्या वेळी जनकाबाई ओरडली नाही, तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं. बोटातून रक्त घेऊन शुगर पाहिली, तर ती तीनशेच्या वर. जखम का चिघळली ते कळलं. इतकी वर्षं तिची शुगर कुणी पाहिलीच नव्हती, आणि पाहिली असती तर ती मीराबाईच्या नावावर लागली असती.

दुपारी कोंडीबा डॉक्टरीणबाईंपुढं हात जोडून उभा राहिला. "बाई, चूक माझी हाय. तिची न्हाई. मला काय करायचं ते करा."

"आज त्या माझ्या पेशंट आहेत, कार्ड कुणाचंही असो," बाई म्हणाल्या. "पण मामा, हे मी झाकून ठेवू शकत नाही. मला वर कळवावंच लागेल. मी कळवायच्या आधी तुम्ही स्वतः अर्ज द्या. मीच लिहून देते. तुमची रीतसर लग्नाची बायको आहे ना? मग तिचा हक्क होताच. फक्त तुम्ही तो दुसऱ्याच्या नावावर घेतलात. तीस वर्षांत एकदाही नाव बदलावंसं नाही वाटलं?"

कोंडीबा खाली बघत म्हणाला, "गेलतो एकदा. लग्न झालं त्या साली. बाबूनं कोरा कागद दिला. म्हणला, आधी लिही, मीराबाई मयत, अमुक तारीख. पेन हातात घितला, बाई. शाळेत चार बुकं शिकलेला मी, लिहिता येत हुतं. पन हात चालला न्हाई. उद्या येतो म्हणून आलो निघून."

पडद्याआड खाटेवर पडल्या पडल्या जनकाबाईनं हे ऐकलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, हा माणूस आळशी, नाहीतर भित्रा. मीराअक्काचं नाव तो घरात कधी काढत नसे. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

चार दिवसांनी ती घरी आली, आणि खरी भीती तिथून पुढं सुरू झाली. अर्ज गेला होता. कार्ड जमा झालं होतं. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या आता दुकानातून घ्याव्या लागत. प्रमोद पुसदला शिक्षक होता, तो रजा काढून आला. सगळं ऐकून तो आधी चिडला. "माय, कार्डाचं मला का नाही सांगितलं कधी?" मग बापाचा चेहरा बघून त्याचा राग उतरला.

महिन्यानं लिफाफा आला. आपणाविरुद्ध कारवाई का करू नये याचा खुलासा करा, अशी ओळ प्रमोदनं वाचली तेव्हा कोंडीबा तसाच उठून आडवा झाला आणि दोन दिवस अंथरुणातून उठला नाही. ऑफिसला मीराच्या मृत्यूचा दाखला हवा होता, आणि तिच्या मृत्यूची नोंद कुठंच नव्हती. इतक्या वर्षांनी नोंद करायची तर कळमनुरीच्या कोर्टाचा हुकूम लागत होता. कोर्ट म्हटल्यावर जनकाबाईला पुन्हा हातकडीच दिसली.

न्यायाधीशापुढं तारीख कोण सांगणार, हा प्रश्न होता. कोंडीबाला आठवत नव्हती, किंवा आठवायची नव्हती. जनकाबाई उभी राहिली. काळ्या कोटातला वकील म्हणाला, "बाई, साल सांगा."

"दुष्काळाचं. खडी फोडायची कामं चालू व्हती. मार्गशीर्षातल्या अवसेच्या दुसऱ्या दिशी, सकाळची मालगाडी गेल्यावर. पोरगं माझ्या मांडीवर व्हतं. तिनं पानी मागितलं, मी तांब्या आनेस्तोवर गेली."

सांगताना ती कुठं अडखळली नाही. वकिलानं जुनं पंचांग धुंडून तारीख काढली. पाच जानेवारी एकोणीसशे त्र्याहत्तर. प्रमोदनं ती वहीच्या पाठीमागे लिहून घेतली. आपली आई कोणत्या तारखेला गेली ते पस्तीस वर्षांच्या त्या माणसाला पहिल्यांदा कळत होतं.

नांदेडच्या ऑफिसात चौकशी झाली त्या दिवशी जनकाबाईनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. चष्मेवाल्या साहेबांनी कागद वरखाली केले. डॉक्टरीणबाईंचं पत्रही त्यात होतं. चुकीच्या नोंदीमुळे रुग्णाचा जीव जाण्याची वेळ आली होती, तिनं स्वतः खरं सांगितलं, असं काहीतरी.

"तुम्ही तेव्हा का बोललात?" साहेबांनी तिला विचारलं. "गप्प बसला असतात तर कुणाला कळलं नसतं."

"साहेब, मेले असते तर मीराबाई म्हणून मेले असते," ती म्हणाली. "दोन डाव एकाच नावानं कुणी मरतं का?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. कोंडीबाला लेखी ताकीद मिळाली. पेन्शनला हात लागला नाही.

नवं कार्ड यायला पुढच्या वर्षाचा जून उजाडला. तोवर डॉक्टरीणबाईंनी एक पातळ कोरी फाईल उघडून ठेवली होती. पहिल्या पानावर तांबड्या शाईनं पेनिसिलिनचं लिहिलं, आणि मग पहिल्यापासून सगळं विचारलं. या वेळी कोंडीबाला त्यांनी बाहेर बसवलं. पाळी कधी गेली, पोटी लेकरू का राहिलं नाही, कधी कुणाला दाखवलं होतं का. त्याचं उत्तर जनकाबाईनं कुणालाच दिलेलं नव्हतं. दाखवायचं तर मीराबाईच्या नावावर दाखवावं लागलं असतं, आणि मीराबाईला तर लेकरू होतं. ती बोलत गेली, बाई लिहीत गेल्या. बाहेर बाकावरच्या माणसांची कुरकुर वाढली तरी त्यांनी दार उघडलं नाही.

भीती गेली असं मात्र नाही. घरात खाकी लिफाफा आला की आजही तिचे हात गार पडतात, मग तो विजेच्या बिलाचा का असेना. आता शुगरची भीती नवी आहे. बेबीबाईच्या नणंदेचा पाय शुगरनंच कापावा लागला, हे ऐकल्यापासून ती रोज सकाळी उजेडात बसून दोन्ही पावलं उलटीसुलटी करून बघते. कोंडीबाला आता धड दिसत नाही, तरी त्यालाही बघायला लावते. तो बोटं चाचपतो, "काय न्हाई, बराबर हाय," म्हणतो. तिला पटत नाही. मग ती बेबीबाईला हाक मारते.

परवा हिंगोलीला गेली तेव्हा शुगर पुन्हा वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "खरं सांगा, गुळाचा चहा घेता की नाही?"

जनकाबाईनं एकदा दाराकडे पाहिलं.

"घेते," ती म्हणाली. "दोनदा."